आवड आणि निवाडा

'ज्याची त्याची आवड' हे तीन शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की, ते उच्चारताना आपण एक संपूर्ण तत्त्वज्ञान मांडीत आहोत, याची जाणीवही आपणांस नसते. जेवणाच्या पंक्तीत, नाटकाच्या मध्यंतरात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर किंवा कचेरीतल्या दुपारच्या चहाच्या वेळी, जेथे एखाद्या कलाकृतीवरून दोन माणसांत मतभेद होतो आणि आवाज किंचित चढू लागतो, तेथे तिसरा कोणीतरी हे तीन शब्द पुढे करतो. मग दोघेही थोडे हसतात, चहाचे पेले रिकामे होतात आणि मंडळी आपापल्या टेबलाकडे वळतात. वाद मिटतो. परंतु वाद मिटणे आणि वाद सुटणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे फाइलींच्या संगतीत आयुष्य काढणाऱ्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

आम्हांस ह्या लेखात विचार करावयाचा आहे तो ह्या न सुटलेल्या वादाचा. आवडीला कारण असते काय? असल्यास, ते दुसऱ्यास सांगण्याचे काही बंधन आपल्यावर आहे काय? आणि दुसऱ्याची आवड बदलू पाहणे हा आगाऊपणा आहे की स्नेहाचा एक प्रकार आहे? घराण्यांच्या आणि गवयांच्या वादात आपण सारेच कोणत्या ना कोणत्या पक्षाचे वकील असतो. म्हणून आपल्या संगीतापासून दूरचे एक उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. पिंक फ्लॉइड ह्या इंग्रजी वाद्यवृंदाचे चाहते गेली पन्नासाहून अधिक वर्षे एकाच प्रश्नावर भांडत आले आहेत: ह्या वृंदाची सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका कोणती? प्रश्न वरवर पाहता पोरकट आहे. पण पोरकट प्रश्नांत कधी कधी प्रौढांच्या अडचणी दडलेल्या असतात.

ज्यांचा ह्या संगीताशी परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. १९६५ साली लंडनमध्ये काही तरुणांनी हा वृंद उभा केला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्याचे आरंभीचे चार घटक होत. बॅरेट हा त्यांतील मुख्य कवी आणि गायक. परंतु त्याचे मन:स्वास्थ्य ढासळत गेले आणि १९६८ साली तो वृंदाबाहेर पडला. त्याच वर्षाच्या आरंभी डेव्हिड गिल्मोर आला होता. साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात रॉक संगीताचा जो एक नवा प्रवाह निघाला, त्यास प्रोग्रेसिव्ह रॉक असे नाव मिळाले. तीन मिनिटांच्या नाचगाण्यावर समाधान न मानता दीर्घ रचना करावयाच्या, विषम मात्रांचे ताल वापरावयाचे, पाश्चात्त्य अभिजात संगीतातून हवे ते उचलावयाचे आणि तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एक सलग कृती घडवावयाची, ही त्याची लक्षणे. पिंक फ्लॉइड ह्या प्रवाहात पूर्णपणे बसतो की नाही, याविषयीही चाहत्यांत मतभेद आहे. तो आम्ही येथे बाजूस ठेवतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, येथे तुलना होते ती सुट्या गाण्यांची नव्हे, तर अल्बमची. कादंबरीची तुलना कादंबरीशी करावी, तशी ही तुलना आहे. आणि म्हणूनच तिच्यात मताला कारणे जोडण्यास भरपूर वाव आहे.

आता ह्या वादातले पक्ष पाहू. पहिला पक्ष १९६७ च्या 'द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन' ह्या पहिल्या अल्बमचा. बॅरेटची बालकथेसारखी गाणी, त्यांतले बुजगावणे, सायकल आणि बुटके वनवासी, आणि त्यांच्या शेजारीच सुरांचे बांध फोडून पळणारी लांबलचक वाद्यरचना, हे सारे पुन्हा कधी साधले नाही, असे हा पक्ष म्हणतो. पुढे जे आले ते कौशल्य. प्रतिभा येथेच संपली. दुसरा पक्ष १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा. काळ, पैसा, वेड आणि मृत्यू हे विषय, एका रचनेतून दुसरीत न थांबता होणारा प्रवास, आरंभी आणि शेवटी ऐकू येणारे हृदयाचे ठोके. तबकडी निघण्यापूर्वी वर्षभर ह्या रचना श्रोत्यांसमोर वाजवून घासूनपुसून घेतलेल्या. ह्या पक्षाच्या मते येथे एकही सूर अधिक नाही आणि एकही उणा नाही.

तिसरा पक्ष १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'चा. हा अल्बम अनुपस्थितीविषयी आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी वृंदातून गेलेला बॅरेट आहे. ५ जून १९७५ रोजी, ह्याच अल्बमचे ध्वनिमुद्रण चालू असताना, डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस लंडनच्या मुद्रणगृहात येऊन बसला. कितीतरी वेळ त्याला कोणी ओळखले नाही. तो बॅरेट होता. ज्याच्यासाठी विलाप गावयाचा तो समोर बसला आहे आणि गाणाऱ्यांस त्याची ओळख पटत नाही, ही हकीकत ज्याने एकदा ऐकली, त्याला तो अल्बम पुन्हा पूर्वीसारखा ऐकता येत नाही.

चौथा पक्ष १९७७ च्या 'अ‍ॅनिमल्स'चा. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४५ सालच्या प्राणिकथेशी सैल नाते सांगणारा, समाजाची कुत्री, डुकरे आणि मेंढरे अशी विभागणी करणारा हा अल्बम कोरडा आणि संतप्त आहे. त्याचे चाहते संख्येने त्या मानाने थोडे, पण निष्ठा कडवी. पाचवा पक्ष १९७९ च्या 'द वॉल' ह्या दोन तबकड्यांच्या अल्बमचा. १९७७ च्या जुलैत माँट्रिअल येथील कार्यक्रमात चिडलेला वॉटर्स समोरच्या एका चाहत्याच्या अंगावर थुंकला. त्या कृत्याची त्याला स्वतःलाच शिसारी आली. कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये उभी राहिलेली भिंत ही कल्पना त्यातून वाढली आणि एका माणसाची जन्मापासूनची कहाणी होऊन बसली. ह्याशिवाय १९७१ च्या 'मेडल'वर, त्यातल्या तेवीस मिनिटांहून मोठ्या एकाच रचनेसाठी, जीव टाकणारे आहेत. आणि वॉटर्स निघून गेल्यावरचे अल्बम आवडतात असे जरा दबक्या आवाजात सांगणारेही आहेत.

एवढ्या पक्षांचा निवाडा कसा करावा? सर्वांत सोपा मार्ग आकड्यांचा, आणि आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सवय आपणां सरकारी नोकरांस पुष्कळ असते. 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेतील अल्बमांच्या मुख्य यादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. हा आकडा पाहून खटला संपला असे वाटेल. परंतु त्या यादीत पहिल्या क्रमांकावर तो किती काळ होता? फक्त एक आठवडा. उलट 'द वॉल' १९८० साली त्याच यादीच्या शिरोभागी सलग पंधरा आठवडे राहिला. मग पंधरा आठवड्यांचा कडकडाट मोठा मानावयाचा की पंधरा वर्षांची संथ साथ? हा प्रश्न पडताच लक्षात येते की, आकडे निवाडा करीत नाहीत. कोणता आकडा पाहावयाचा, याचा निवाडा आधी आपणांसच करावा लागतो.

दुसरा मार्ग निर्मात्यांस विचारण्याचा. ज्याने वस्तू घडविली त्याला तिची किंमत ठाऊक असणारच, असे सामान्यतः आपण धरून चालतो. गिल्मोर आणि राइट या दोघांनीही आपली पसंती 'विश यू वेअर हिअर'ला दिलेली आहे. तिसऱ्या पक्षास यामुळे बळ मिळेल. पण १९७० चा 'अ‍ॅटम हार्ट मदर' पाहा. हा त्यांचा इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला पहिला अल्बम. आणि गिल्मोर व वॉटर्स, ज्यांचे एरव्ही फारशा गोष्टींवर एकमत होत नसे, त्या दोघांनीही पुढे त्याची हेटाळणी केली. तरीही पितळी वाद्ये आणि समूहस्वर यांनी भरलेल्या त्या रचनेत ज्याला खरोखर काही गवसले आहे, त्याचे गवसणे ह्या हेटाळणीने खोटे ठरत नाही. निर्मात्याला आठवतात ते निर्मितीचे हाल. श्रोत्यापुढे असते ती निर्माण झालेली वस्तू. म्हणून निर्मात्याची साक्ष मोलाची असली, तरी न्यायासनावर बसण्याचा अधिकार तिला मिळत नाही.

आकडे गेले, निर्मातेही गेले. मग 'ज्याची त्याची आवड' हेच अखेर खरे काय? येथे इमान्युएल कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली केलेला एक भेद उपयोगी पडतो. एखादे पेय मला रुचते असे मी म्हणतो, तेव्हा 'मला' हा शब्द त्यात गृहीतच असतो. दुसऱ्यास ते रुचले नाही, तर माझे काही बिघडत नाही. परंतु एखादी वस्तू सुंदर आहे असे जेव्हा मी म्हणतो, तेव्हा मी केवळ माझ्याविषयी बोलत नाही. इतरांनीही ते सौंदर्य पाहावे, अशी अपेक्षा त्या वाक्यात असते. नियम दाखवून ती अपेक्षा सिद्ध करता येत नाही, आणि तरीही ती सोडवत नाही. चाहत्यांचे भांडण नेमके ह्या जागी उभे आहे. त्यांना केवळ आपली रुची नोंदवावयाची असती, तर 'मला हा आवडतो, तुम्हांला तो आवडतो' एवढ्यावर पाच मिनिटांत सभा संपली असती. पन्नास वर्षे ती संपत नाही. कारण प्रत्येकाला वाटते की, आपण ऐकले ते समोरच्यानेही ऐकावे.

ह्या दृष्टीने पाहिले असता 'ज्याची त्याची आवड' ह्या वाक्यातला सौजन्याचा मुलामा थोडा उडतो. मी मनापासून काही सांगत असता कोणी मला हे वाक्य ऐकवितो, तेव्हा वस्तुतः तो म्हणत असतो की, तुमच्या कानांनी काय टिपले हे समजून घेण्याची मला गरज नाही. आपल्या कचेरीभाषेत ज्याला 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात, तिचे तत्त्व येथे आठवते. अर्ज नामंजूर करावयाचा असेल, तर खुशाल करावा. पण कारणे लिहावीत. कारणाविना दिलेला नकार अर्जदाराचे नुकसान करतोच, शिवाय त्याचा अपमानही करतो. आवडीच्या बाबतीत आपण एकमेकांस किती वेळा असे मुके आदेश देत असतो!

पण कारणे द्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे? डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश विचारवंताने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या रसिकतेवरील निबंधात 'डॉन क्विक्झोट'मधली एक गोष्ट घेतली आहे. सँको पान्झाच्या दोन नातलगांस एका पिंपातील मद्याची पारख करावयास सांगितले. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोकांनी दोघांचीही टर उडविली. पुढे पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीला बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमचा आशय असा की, सूक्ष्म रुची ही लहर नसते; वस्तूत जे खरोखर असते ते ती टिपते. सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्तता यांनी ती घडते. आपल्याकडे अभिनवगुप्ताने सहृदयाची जी कल्पना मांडली, तीत काव्याच्या सततच्या अभ्यासाने मनाचा आरसा निर्मळ होण्याची अट घातली आहे. काश्मीरचा आचार्य आणि स्कॉटलंडचा विचारवंत यांच्यामध्ये सातशेहून अधिक वर्षे आहेत. तरी रसिकता जन्मासोबत तयार मिळत नाही, ती कमवावी लागते, ह्याविषयी दोघांचे मतैक्य आहे.

चाहत्यांच्या वादात अशा किल्ल्या पुष्कळ सापडतात. 'द डार्क साइड'मधल्या पैशावरील गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे. आपला रूपक ज्याच्या कानांत आहे, त्याला त्या सातांची गती मोजावयास वेळ लागणार नाही. सॅक्सोफोनचे वादन ह्या सातांतच होते. गिटारचा एकल भाग आला की ठेका चारांवर येतो. हे जोवर कोणी दाखविले नाही, तोवर श्रोत्याला 'येथे गाणे एकदम मोकळे झाले' एवढेच वाटत असते. दाखविल्यावर ते मोकळे का झाले, हे कळते. 'विश यू वेअर हिअर'च्या आरंभीच्या दीर्घ रचनेत गिटारवर चार स्वरांची एक आकृती येते आणि प्रश्न विचारून थांबावे तशी थांबते. पुढची सारी रचना जणू त्या चार स्वरांना उत्तर शोधीत जाते. आणि ती रचना अल्बमच्या दोन टोकांना विभागून ठेवली आहे. मधली गाणी ऐकताना आपण कोणाची तरी वाट पाहत असतो. 'अ‍ॅनिमल्स' कोरडा आहे, ह्या आक्षेपास त्याचा चाहता उत्तर देतो की, अल्बमच्या आरंभी आणि अखेरीस एकाच छोट्या, साध्या प्रेमगीताचे दोन भाग आहेत. मधला सारा संताप त्या दोन भागांनी कवेत धरला आहे. तेवढे ऐका आणि मग कोरडा म्हणा. ही वकिली खरी. ह्यात समोरच्याला हरविण्याचा हेतू नाही. त्याच्या हाती किल्ली देण्याचा आहे. ती हाती घेऊनही त्याचे मत बदलले नाही, तरी त्याचे ऐकणे पूर्वीपेक्षा श्रीमंत झालेले असते.

येथपर्यंत आम्ही कारणांची बाजू मांडली. परंतु आवडीचा एक मोठा भाग असा असतो की, जेथे कारणे विचारणेच अप्रस्तुत ठरावे. सोळाव्या-सतराव्या वर्षी ऐकलेले संगीत हे निव्वळ संगीत राहत नाही. त्यात त्या वर्षांची हवा मिसळते. आमच्या गुवाहाटीच्या कचेरीत दोन सहकारी आहेत. एक सिल्चरचे बंगाली गृहस्थ, निवृत्तीस दोन वर्षे उरलेले. दुसरा शिलाँगचा खासी तरुण. रॉक संगीतावर शिलाँगचे प्रेम सर्वश्रुत आहे, आणि ह्या तरुणाने ते दूध पिता पिता घेतलेले आहे. दोघांचा पिंक फ्लॉइडवरून रोजचा वाद. तरुणाचा अल्बम 'अ‍ॅनिमल्स', वडील गृहस्थांचा 'विश यू वेअर हिअर'. एके दिवशी तरुण म्हणाला, "दादा, तुमच्या अल्बममधली मधली दोन गाणी धंदेवाल्यांवरची तक्रार आहे, दुसरे काही नाही. खरे सांगा, ती नसती तर काही बिघडले असते का?" दादा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बिघडले नसते. आणि एकूण पाहता तुझा अल्बम अधिक मजबूत बांधलेला आहे, हेही मला मान्य आहे. पण माझ्या थोरल्या भावाने कॅसेटवर मला हा पहिल्यांदा ऐकविला. भाऊ एकतीस वर्षांपूर्वी गेला. तू श्रेष्ठ कोणता विचारशील तर 'अ‍ॅनिमल्स' म्हणेन. आवडता विचारशील तर उत्तर बदलणार नाही."

तो तरुण त्यावर काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा सुरू झाला, पण त्या मधल्या दोन गाण्यांचा विषय त्याने काढला नाही. आम्हांस ह्या संभाषणात एक मोठी नैतिक स्पष्टता दिसते. 'आवडते' आणि 'श्रेष्ठ' ही दोन खाती आहेत. पहिल्यात आपला इतिहास जमा असतो. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसऱ्यात वस्तूविषयीचा दावा असतो. त्याचा हिशेब देण्यास आपण बांधलेले आहोत. घोटाळा होतो तो एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात दाखविली जाते तेव्हा. 'माझ्या तारुण्यात ऐकले म्हणून प्रिय' याचे 'माझ्या तारुण्यात निघाले म्हणून श्रेष्ठ' असे रूपांतर आपण किती सहज करतो! आणि उलट अपराधही घडतो. समोरच्याने आपले काळीज उघडून 'हे मला प्रिय आहे' म्हटले असता त्याला सात मात्रांचा हिशेब विचारणे, हाही हिंसेचाच एक सभ्य प्रकार आहे.

ह्या दोहोंहून निराळा एक तिसरा विकार आहे, तो म्हणजे आवडीची टोळी होणे. १९८५ साली वॉटर्स वृंदातून बाहेर पडला. वृंदाचे नाव इतरांनी वापरावे की नाही, यावरून पुढे न्यायालयापर्यंत प्रकरण गेले आणि १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. तेव्हापासून चाहत्यांचा एक भाग वॉटर्सचा आणि एक भाग गिल्मोरचा झाला. जुन्या अल्बमांची तुलनाही मग ह्या फाळणीच्या चष्म्यातून होऊ लागली. ज्यात शब्द प्रभावी ते वॉटर्सवाल्यांस श्रेष्ठ. ज्यात गिटार प्रभावी ते गिल्मोरवाल्यांस. अशा वेळी माणूस ऐकत नसतो, मतदान करीत असतो.

आणि ह्या मतदानात तिसऱ्याच्या श्रमाचा विसर पडतो. 'द डार्क साइड'मध्ये मृत्यूविषयीची एक रचना आहे. तिची बांधणी राइटची. पण तिच्यात जो शब्दहीन स्त्रीस्वर आक्रोशत आणि शांत होत जातो, तो क्लेअर टॉरी ह्या गायिकेचा. जानेवारी १९७३ मध्ये एका बैठकीत तिने तो उत्स्फूर्तपणे गायिला आणि तीस पौंड मेहनताना घेऊन ती घरी गेली. त्या रचनेच्या कर्तृत्वात आपला वाटा आहे, असा दावा तिने २००४ साली न्यायालयात केला; २००५ साली तडजोड झाली आणि तेव्हापासून राइटच्या नावाशेजारी तिचेही नाव लागते. वॉटर्स मोठा की गिल्मोर मोठा, ह्या वादात दंग झालेल्या अनेकांच्या लक्षातही नसते की, त्यांच्या अंगावर काटा आणणारा अल्बममधला क्षण ह्या दोघांपैकी कोणाचाच नाही. नीट ऐकणे ही केवळ रसिकतेची बाब नाही, असे आम्ही म्हणतो ते एवढ्याचसाठी. ज्याने जे दिले त्याचे श्रेय त्याला पोचविणे हा न्यायाचा पहिला धडा आहे, आणि तो कानांनीही गिरवावा लागतो.

एक शंका शेवटी उरते. किल्ल्या देता-घेता आपली आवड बदलली, तर ती जुन्या निष्ठेशी प्रतारणा ठरेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. 'पायपर'चा चाहता पुढे 'अ‍ॅनिमल्स'पाशी पोचला, म्हणून 'पायपर'ने त्याला दिलेला आनंद परत घेतला जात नाही. निष्ठा माणसांशी असावी, दिलेल्या शब्दाशी असावी. मताशी निष्ठा ठेवावयाची तर ती एवढीच की, ते बदलताना कारण प्रामाणिकपणे सांगावे. ह्याउलट, आयुष्यभर एकाच अल्बमपाशी राहिलेल्या माणसालाही आम्ही हट्टी म्हणणार नाही, जर त्याने इतर अल्बम खरोखर ऐकले असतील. तुलनेवाचून राहिलेली निष्ठा ही सवय असते. तुलनेतून टिकलेली निष्ठा ही निवड असते.

आम्हां बदलीच्या नोकरीतल्या माणसांस ह्या विषयाचे महत्त्व इतरांहून थोडे अधिक असावे. दर काही वर्षांनी आपण अशा लोकांत जाऊन पडतो की, ज्यांच्याशी आपले बालपण, सण, लहानपणी कानांवर पडलेली गाणी यांतले काहीच सामायिक नसते. ओळख कामापुरती होते, हवापाण्यावर बोलणे होते, आणि बाकी साऱ्यावर 'ज्याची त्याची आवड' हा पडदा टाकून आपण सौजन्याने अनोळखी राहतो. तो पडदा जरा बाजूस सारून 'तुम्हांला हे का आवडते?' असे कोणी कोणास विचारले, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतले, तर समोरचा माणूस दोन गोष्टी सांगतो. वस्तूविषयी काही सांगतो, ते तपासून पाहावे, पटले नाही तर नि:संकोच भांडावे. आणि स्वतःविषयी काही सांगतो, ते जपून ठेवावे. सिल्चरच्या दादांची निवृत्ती जवळ आली आहे. त्यांच्या जागी कोण येईल, हे वरिष्ठ ठरवतील. पण शिलाँगच्या तरुणाने परवा आम्हांस विचारले की, 'विश यू वेअर हिअर' पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधली दोन गाणी धरून, नीट ऐकावयास किती वेळ लागतो. आम्ही सांगितले, पाऊण तासाच्या आत होतो.